‘पळून आला’ म्हणणाऱ्यांस

“काय रं, मुंबय मानवली नाय वाटतं?”

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या वाडीत हा प्रश्न माझ्या चुलतभावाला निदान पन्नास जणांनी तरी विचारला असेल. विहिरीवर, दुकानावर, देवळाच्या पायरीवर, जो भेटे तो हेच विचारी आणि उत्तराची वाट न पाहता हसे. माझ्याबरोबरच बारावी झालेला हा मुलगा मुंबईला गेला, एका हॉटेलात कामाला लागला आणि सतराव्या दिवशी पहाटेच्या गाडीने सावर्डे स्टेशनवर उतरून भर पावसात चालत घरी आला. कोणी मारले नव्हते, पगार बुडवला नव्हता, दुखणे आले नव्हते. “जीव ऱ्हायना,” एवढेच तो बोलला. त्या दिवसापासून त्याचे नाव पडले ‘पळपुटा’.

नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच कबूल केलेले बरे.

मी कॉलेजात आणि तो घरी, म्हणजे मी पुढे निघालो आणि तो मागे पडला, असा माझा हिशेब होता. हा हिशेब मोडला तो गेल्या मे महिन्यात. प्रथम वर्षाची परीक्षा संपल्यावर फीचे पैसे जमवायचे म्हणून मी भिवंडीच्या एका गोदामात पार्सले उचलायच्या कामाला गेलो. राहायला पत्र्याची खोली, सोबतीला तिघेजण. तिघांच्या तीन भाषा. पहिले चार दिवस नवलाईत गेले. पाचव्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास शेजारच्या खोलीत कोणीतरी सुकट भाजली. तो वास आला मात्र, माझ्या घशात जे दाटले ते दीड महिना तसेच राहिले! भूक मेली. रात्री झोप लागे, पण पहाटे जाग आली की दोन क्षण आपण घरीच आहोत असे वाटे, आणि मग पत्रे दिसत. त्या दोन क्षणांची मला भीती वाटू लागली. घरून फोन आला की मी म्हणे, “मजेत हाय.” आई म्हणे, “आम्ही पन मजेत.” दोघेही खोटे बोलत होतो, हे दोघांनाही माहीत होते.

तरी मी बावन्न दिवस काढले. परत आल्यावर लोक म्हणाले, “बघा, हा टिकला!” खरे सांगतो, मी टिकलो तो शूर होतो म्हणून नव्हे. जूनमध्ये कॉलेज उघडणार ही तारीख ठरलेली होती म्हणून. मी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारीत होतो. माझ्या भावापाशी अशी रेघ मारायला जागाच नव्हती. त्याला जे सांगून पाठवले होते ते एवढेच, की ‘आता तिकडेच कायमचा चिकट.’ सतरा दिवसांत माझाही जीव गेला असता.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. घरची ओढ लागणे हा माणसाच्या स्वभावातला दोष नव्हे. ती सर्वांनाच लागते. कोणाच्या ओढीची सोय लागलेली असते, कोणाच्या नसते. ज्याची सोय नाही तो परत येतो आणि आपण त्याला हसतो.

आपल्याकडे हा प्रश्न हसण्यावारी नेतात, पण तो हसण्याचा नाही हे युरोपात सव्वातीनशे वर्षांपूर्वीच एका वैद्याने ओळखले होते. योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलच्या विद्यापीठात या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि ‘परतणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिले ‘नॉस्टॅल्जिया’. आज तो शब्द आपण जुन्या गाण्यांसाठी वापरतो. मुळात मात्र तो रोगाचा शब्द होता! खंगत चाललेल्या रोग्याला घरी पाठवावे, हा त्याने सांगितलेला मुख्य उपाय. बाझेलच्या पंडितांनी जे औषध मानले, त्याला आमच्या वाडीत पळपुटेपणा म्हणतात.

असो. परदेशी पुराव्याची गरज नाही. घर सोडून जाणे म्हणजे काय हे रत्नागिरी जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. मुंबईच्या गिरण्या, गोदी, बोटी यांत आमच्या मागच्या चार पिढ्या गेल्या. ‘चाकरमानी’ हा शब्द इथे धंद्याचा राहिला नाही. तो नात्याचा झाला आहे. घरटी एक तरी चाकरमानी असतोच. मग इतकी माणसे तिकडे तीस तीस वर्षे राहिली कशी? ती दगडाची होती काय?

माझे आजोबा गिरणीत आधी बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी दाराशी उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचे. भिवंडीहून आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा विचारले, “आजोबा, तुम्हाला घरची आठवण यायची का?” ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पयले तीन म्हयने मी रोज रडलो. पांघरुनात.” मी थक्क झालो. भावाला सारी वाडी हसत होती तेव्हा ते ओटीवरच बसलेले असत. “मग तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?” असे विचारल्यावर म्हणाले, “माला कोनी इचारला?”

मग त्यांनी सांगितले ते असे. परळला गावाची एक बैठकीची खोली होती. दहा बाय बारा फुटांच्या जागेत तीसएक जण. सगळे एकदम झोपत नसत, कारण पाळ्या होत्या. एक कामावरून येई तेव्हा दुसरा त्याच जागेवरून उठून कामाला जाई. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. त्या खुंटीला वळकटी, शर्ट आणि पिशवी. जेवण शेजारच्या खानावळवाल्या बाईंकडे. गावातून नवा पोर आला की पहिला आठवडा त्याला एकट्याने जेवू द्यायचे नाही, असा खोलीचा अलिखित कायदा होता. का, ते कोणी समजावून सांगत नसे. पण आजोबा म्हणाले, “पोर येकटा जेवला का रडतो.” शनिवारी रात्री भजन. शिमगा जवळ आला की त्याच खोलीत दाटीवाटीने उभे राहून नमनाची तालीम. रडू आले तर ते मृदंगात मिसळून जाई.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर भिवंडीची पत्र्याची खोली येत होती. तिथेही भिंती चारच होत्या, पण खुंटीमागे गाव नव्हते.

या खोल्यांचे मी उगाच गुणगान करणार नाही. तिथे ढेकूण होते, क्षय होता, दारूही होती. खानावळी चालवणाऱ्या बाया स्वतः कर्जात पिचलेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते त्यांच्यासाठीच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर आजोबांसारखे कितीतरी जण गावी आले ते कायमचेच. कोणी हौसेने परतले नव्हते. मला म्हणायचे ते एवढेच, की त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी घरच्या ओढीसाठी एक व्यवस्था उभी केली होती. ओढ दाबून टाकायची नाही, तिला जागा द्यायची आणि तारीख द्यायची.

तारखेचे महत्त्व तर मला फारच वाटते. शिमगा आणि गौरी-गणपती हे आपण धार्मिक सण समजतो. चाकरमान्याला ते वर्षाचे दोन खांब आहेत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी दारात आली आणि घरचा कर्ता माणूस नाही, हे कसे चालेल? म्हणजे परत येणे ही हौस राहिली नाही, ते कर्तव्य झाले. ‘मला आठवण येते म्हणून जातो’ असे सांगण्याची लाज ज्याला वाटते, तो ‘पालखी आहे’ असे ताठ मानेने सांगू शकतो. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी हेच लोक यष्टीच्या टपावर सामान बांधून कशेडी घाट, परशुराम घाट करीत येत. आजही गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या सावर्ड्याच्या फलाटावर उभे राहून पाहावे. डब्याच्या दारातून आधी पिशव्या उतरतात, मग मुले आणि शेवटी माणूस. त्या माणसाच्या तोंडावर जे दिसते ते मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

आणि हाच दरवाजा २०२० साली बंद झाला. करोनाच्या पहिल्या लाटेत मुंबईहून आलेल्यांना गावच्या शाळेत चौदा चौदा दिवस ठेवले गेले. रोगाची भीती खोटी नव्हती, नियमही गरजेचे असतील. पण काही गावांत ‘इकडे येऊच नका’ अशीही भाषा झाली. ज्यांच्या मनीऑर्डरींवर देवळाचे पत्रे चढले त्यांना वेशीवर थांबवले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. शाळेच्या खिडकीतून आमच्या वाडीतले एक काका आपल्या घराच्या कौलांकडे पाहत बसलेले मला आठवतात. घर दिसत होते, हाक मारली तर ऐकू जात होती, आणि तरी माणूस परदेशात होता.

परदेशाचा विषय निघाला म्हणून रत्नागिरीच्या टेकडीवरच्या थिबा राजाची गोष्ट सांगतो. सहलीत आपण सर्वांनी तो राजवाडा पाहिला, गॅलरीत उभे राहून फोटो काढले. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलले, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. (दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी आधीच रंगूनला नेऊन ठेवले होते, तो तिथेच १८६२ साली वारला. एकाचे घर ते दुसऱ्याचा तुरुंग, असा सगळा हिशेब!) राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. नोकर होते, तनखा होता, राणी-मुली जवळ होत्या. नव्हती ती एकच गोष्ट, परत जाण्याची तारीख. १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला आणि इथेच त्याची कबर आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत तीस माणसांत एक खुंटी मिळालेला गडी राजापेक्षा अधिक सुखी होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच्यापाशी राजाकडे नसलेली वस्तू होती, आणि ती म्हणजे शिमगा.

या गोष्टीचा पुढचा भाग सहलीत कोणी सांगत नाही. राजा गेल्यावर, १९१९ साली राणी सुपयालत मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र थोड्याच काळात पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. तिचे मन जडले होते ते इथल्याच एका माणसावर. तो राजवाड्यावर नोकरीला होता. तिची मुलगी टुटू रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, इथेच तिने संसार केला. आईबापांना जी जागा तुरुंग होती, तीच लेकीला माहेर झाली! म्हणजे घर काही रक्ताने ठरत नाही. ज्या जागी आपले कोणीतरी असते तिथे ते होते, आणि ते व्हायला वेळ लागतो. सतरा दिवस पुरत नाहीत.

बायकांचे उदाहरण तर आपल्या घरातच आहे. माझी आजी तेराव्या वर्षी लग्न होऊन या वाडीत आली. माहेर दोन डोंगरांपलीकडे. पण पहिल्या वर्षी तेही तिला विलायतेइतके लांब. बायकांच्या या ओढीला आपल्या समाजाने निदान तोंड तरी दिले आहे. जात्यावरच्या ओव्या, नागपंचमी, गौरीचे माहेरपण. कोणी सासुरवाशीण माहेरच्या आठवणीने रडली तर तिला ‘पळपुटी’ म्हणत नाहीत. (परत मात्र पाठवतात, हा भाग वेगळा.) पुरुषाला हे गाणे नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली तेव्हा मुंबईत राबणाऱ्या गड्याच्या विरहाला चारचौघांत तोंड फुटले, आणि त्यांनी तो विरह संयुक्त महाराष्ट्राच्या दुःखाला नेऊन जोडला. एका माणसाची घरची आठवण ही चळवळीची गोष्ट होऊ शकते हे त्यांना कळले होते. आम्ही सुशिक्षित मात्र ती न्हाणीघरात तोंड धुऊन लपवतो.

कोणी म्हणेल, आता फोन आहे, रोज तोंड दिसते, मग कसली आठवण? याउलट काही वडीलधारे म्हणतात, पत्रांचा काळ काय गोड होता! मला दोन्ही पटत नाही. आजोबांची पत्रे आजीला वाचता येत नसत. ती शेजारच्या सातवी झालेल्या मुलाकडून वाचून घ्यावी लागत आणि उत्तरही तोच लिही. त्या पोराच्या तोंडून नवऱ्याला काय सांगणार? ‘इकडील सर्व खुशाल. गाय व्याली. पैसे पोचले.’ तिने मला सांगितले, “माज्या मनातला येक अक्षर पन त्या कागदाव कदी गेला नाय.” म्हणून पत्रांचे गोडवे गाताना जरा जपावे. फोनने हे झाकण उघडायला हवे होते. पण आम्ही फोनवरही ‘सर्व खुशाल’च म्हणतो. दोष यंत्राचा नाही. रडू येते असे सांगायची वाट आपण बुजवून टाकली आहे. भिवंडीत चाळिसाव्या दिवशी मी आईला फोनवर खरे ते सांगितले. ती म्हणाली, “माला ठाऊक हाय. तुजा ताट मी अजून मांडते नि मंग उचलते.” त्या रात्री मी पोटभर जेवलो. असे का झाले ते मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगावे.

आपल्या आसपासच पाहा. हापूसच्या बागांतून राखणीला नेपाळी गडी येतात, हंगामभर राहतात. आमच्या वाडीजवळच्या बागेतला असाच एकजण संध्याकाळी सड्यावरच्या एका कातळावर चढतो, कारण तिथेच फोनला रेंज मिळते. आम्ही त्याला ‘गुरखा’ एवढ्या एकाच नावाने ओळखतो. दसऱ्याला त्याच्या घरी मोठा सण असतो हे मला याच वर्षी कळले, तेही माझ्या चुलतभावाकडून. बागेत फवारणीच्या कामाला गेला असता त्याने त्याला जेवायला सोबत घेतले होते. आजोबांचा कायदा त्याला कोणी शिकवला नव्हता.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. आपल्यातले निम्मे-अधिक विद्यार्थी पदवी झाल्यावर सावर्डे सोडणार आहेत. पुणे, मुंबई, कोणी आखातात, कोणी बोटीवर. अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी हे आपल्याला सांगितले जाते आणि ते चांगलेच आहे. पहिला महिना कसा काढावा हे मात्र कोणी सांगत नाही. गावोगावच्या मुंबई मंडळांनी सत्यनारायण आणि क्रिकेटचे सामने जरूर करावेत. पण गावातून नवा मुलगा आला की त्याला स्टेशनवर घ्यायला एक माणूस आणि पहिला आठवडा जेवायला एक ताट, एवढे तरी मंडळाने पाहावे. मुलाला पाठवताना आईबापांनी ‘चिकट’ म्हणण्याऐवजी ‘अमुक तारखेला ये’ म्हणावे. वाटल्यास त्या तारखेचे तिकीट काढूनच द्यावे. आणि कोणी त्याआधीच परत आला, तर त्याला आधी जेवायला वाढावे. चौकशी नंतर.

माझा चुलतभाऊ या शिमग्यानंतर पुन्हा मुंबईला जाणार आहे. जायचे त्याचे त्यानेच ठरवले; मी फक्त आजोबांकडून जुना पत्ता काढून मंडळाच्या एका काकांना फोन लावला. ती परळची चाळ आता राहिली नाही, तिथे टॉवर झाला. पण गावकऱ्यांनी मिळालेल्या पैशांत डोंबिवलीला एक खोली घेतली आहे, चारपाच जण तिथे राहतात. खुंटी आहे का, असे मी विचारले. ते हसले. म्हणाले, “खुंट्या कुठल्या आता, कपाट आहे. एक कप्पा रिकामा करून ठेवतो. तो भात खातो की चपाती, तेवढं विचारून कळव.”

गणपतीचे त्याचे परतीचे तिकीट आरक्षण सुरू होताच पहिल्या दिवशी काढायचे मी कबूल केले आहे.